फुंकू नये

"फुंकू नको!"

सरांची ही आरोळी मधली भिंत ओलांडून माझ्या टायपिंगच्या खोलीत यायची आणि माझ्याकडच्या मुलामुलींची बोटं कळांवर जागच्या जागी थबकायची. आपण काही फुंकलेलं नाही हे त्यांना कळायला थोडा वेळ लागायचा. मग खसखस पिकायची, आणि मला पुन्हा सगळ्यांना पहिल्या ओळीवर आणावं लागायचं. दर रविवारी सकाळी हे असंच. मी एकदा म्हटलं, "सर, थोडं हळू म्हणा ना." ते म्हणाले, "हळू म्हनलं तर फुंकतेत."

ही ऐंशी सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. देवळीला बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका कापडदुकानाच्या माडीवर माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. इन्स्टिट्यूट म्हणजे सात मशीनं, त्यांतली पाच चालू. शेजारची खोली सरांनी रविवारपुरती घेतली होती. सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. उंच, थोडे वाकलेले, सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी पेचकस. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "काय गा, टायपिंग," असंच म्हणायचे, आणि मीही त्या नावाला ओ देऊ लागलो होतो.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे गरम वस्तूवर फुंकर न घालणारा माणूस असतो का? चूल पेटवायची फुंकून. बशीतला चहा प्यायचा फुंकून. डोळ्यात कापसाचं तूस गेलं तर आई पदराचा बोळा करून त्यावर फुंकणार आणि डोळ्याला लावणार. पोराचं ढोपर फुटलं तरी औषधाआधी फुंकर. अशा गावात सरांनी सोल्डरिंगचा वर्ग काढला होता. कथील वितळून टाका बसला, की तो आपोआप थिजू द्यायचा असतो. त्यावर फुंकलं, त्या नादात हात हलला, की टाका वरून दिसायला घट्ट आणि आतून सुटा. त्याला सर 'कोरडा टाका' म्हणायचे. 'कोरडा' हा शब्द ते अशा काही सुरात उच्चारायचे, की कुणाच्या तरी चारित्र्याबद्दल बोलणं चाललंय असं वाटावं.

वर्गात जोडायची वस्तू एकच होती, सरांची पाटी. तुम्ही ती पाहिलेली असण्याची शक्यता नाही, म्हणून सांगतो. तळहाताहून मोठी चौकोनी पाटी. एका अंगाला तांब्याच्या बारीक वाटा, दुसऱ्या अंगाला वर्तुळात बसवायचे सोळा लाल दिवे, तुरीच्या दाण्याएवढे. मधोमध आयसी, म्हणजे दोन्ही बाजूंना बारीक पाय असलेले काळे ठोकळे, खाली टॉर्चच्या सेलचा डबा आणि एक बटण. हे सगळं सुटं सुटं पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात भरून सर विद्यार्थ्याच्या हातात ठेवायचे. सामान ते स्वतः नागपूरहून आणायचे. जोडायचं मात्र ज्याचं त्यानं.

पळणारे दिवे तेव्हा गणपतीत, देवीत सगळीकडे असायचे. पण ते दिवे कुणीतरी हाकलेले असतात. सरांच्या पाटीत हाकणारा कुणी नव्हता. प्रत्येक दिव्यानं फक्त आपला डावा आणि उजवा शेजारी पाहायचा. दोघांतला एकच पेटलेला असेल, तर पुढच्या ठोक्याला आपण पेटायचं. दोघंही पेटलेले असतील, किंवा दोघंही विझलेले असतील, तर आपण विझायचं. एवढाच कायदा. बटण दाबलं की पहिला दिवा लागायचा आणि मग सेकंदाच्या ठोक्यावर ज्यानं त्यानं आपापलं ठरवायचं.

"इथं कोनी मालक नाई, टायपिंग," सर म्हणायचे. "सोळा जन हायेत. जो तो शेजाऱ्याले पाह्यते. तरी नक्षी होते का नाई, सांग."

हा कायदा त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचला होता आणि तो त्यांच्या डोक्यातून निघत नव्हता. त्यांनी आलेखाच्या कागदावर ओळीखाली ओळ अशी घरं पेन्सिलीनं भरत नेली होती. कागदाला कागद चिकटवून त्याची गुंडाळी झाली होती. ती त्यांनी एकदा माझ्या पाचही चालू मशीनांवर अंथरली. वरच्या एका घरापासून त्रिकोणात त्रिकोण, त्यांच्या पोटात आणखी त्रिकोण, एखाद्या हौशी बाईनं अंगणभर काढत नेलेल्या रांगोळीसारखे. "हे संपतच नाई," ते म्हणाले. कागदावर खरंच संपत नव्हतं. पण कागद लांबवता येतो, दिवे किती लावणार? म्हणून त्यांनी ओळ वाकवून तिचं वर्तुळ केलं. आयसीत घरं चार-चारच्या हिशेबानं येतात, म्हणून दिवे सोळा. "एकही पाय वाया नाई," हे सांगताना त्यांना काय समाधान वाटायचं!

गावाला त्यातलं काही रुचलं नाही. लोक जिन्यावरून डोकावायचे आणि विचारायचे, "सर, याच्यात ॐ येते का?" कुणी म्हणायचं, "आमच्या पोट्ट्याचं नाव टाकून देता का?" सर चष्मा काढून पुसायचे. त्यांचा राग चष्म्यावर निघायचा.

सर स्वतः कुणाच्याही पाटीला हात लावत नसत. दोन्ही हात पाठीमागे धरून बाकांमधून फिरायचे आणि "मी हात लावनार नाई" असं वर सांगायचे. मुलांना तो ताठा वाटायचा. मलाही वाटायचा. मग एकदा मी चहा मागवला. कप त्यांच्यापुढे तसाच राहिला. बोलणं संपलं, चहावर साय धरली. मी खाली वाकून मशीनची रिबन पाहतोय असं वाटून त्यांनी दोन्ही हातांनी कप उचलला, आणि मी अर्धा दिवस खपून टाइप केलेल्या स्टेन्सिलवर सगळा चहा सांडला. मी वैतागून वर पाहिलं तर त्यांचे हात कपासकट थरथरत होते.

"पह्यले रेडिओ जोडत होतो मी," ते म्हणाले. "आता हात आयकत नाई."

मी स्टेन्सिल टिपायला घेतलं. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "एक पाटी चालली पाह्यजे गा. दुसऱ्याच्या हातानं जोडलेली. सकाळी बटन दाबून शाळेत गेलो, अन् आलो तवा चालूच. मंग माह्या हाताचं काई नाई." हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यानंतर मी चहा पेल्यात, तोही अर्धाच मागवू लागलो.

ते चहा सांडलेलं स्टेन्सिल त्यांच्याच माहितीपत्रकाचं होतं. पेढ्याच्या खोक्यात सामानासोबत एक कागद असायचा, तो मी टाइप करून द्यायचो. पहिली ओळ 'फुंकू नये'. ती मोठ्या अक्षरांत हवी, असा सरांचा हट्ट. देवनागरीत मोठी अक्षरं नसतात आणि माझ्या मशीनवर तर नाहीतच, हे सांगून मी दमलो. शेवटी प्रत्येक परिच्छेदानंतर 'फुंकू नये' टाकायचं, यावर तडजोड झाली. तो कागद वाचणाऱ्याला आपण सोल्डरिंग शिकतोय की शंखाबद्दलचा सरकारी हुकूम वाचतोय, असा प्रश्न पडला असणार.

पहिल्या वर्षीच्या पाट्या खरोखरच कोरड्या टाक्यांच्या होत्या, त्यात वाद नाही. कुठली लागायचीच नाही, कुठली लागून रुसायची. सर ओरडायचे ते बरोबरच होतं. पण पुढे मुलांचे हात बसले. टाके चांगले येऊ लागले, आणि तरी पाट्या विझायच्याच. बटण दाबलं की पहिला दिवा. मग त्याचे दोन शेजारी. मग ते पांगायचे, परत भरायचे, पुन्हा पांगायचे. शेवटी एकाआड एक दिवा लागून अख्खं वर्तुळ असं सजायचं, की पाहणारा 'वा' म्हणायला तोंड उघडायचा. पुढच्याच ठोक्याला सगळं अंधारात. पुन्हा बटण दाबा, पुन्हा तेच.

सरांचं निदान ठरलेलं होतं. "वर्तुळ जिथं बंद होते तिथं गडबड हाय. सोळाव्याचा टाका पाह्य. फुंकलं असशीन."

मी स्वतः ही पाटी जोडली आहे, म्हणून अधिकारानं सांगतो. माझ्यासारख्या माणसाच्या हातून हे काम होणं म्हणजे छळ. सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न धरावं तर बोट भाजतं, दिवा धरावा तर कथलाची तार पडते, तार धरावी तर राळेचा धूर डोळ्यात. आयसीचा एक पाय वाकडा झाला तर पुढचे सगळे वाकडे. मी तीन रविवार त्या पाटीला शिव्या दिल्या. शेवटी ती लागली, सजली आणि विझली. सर मागून म्हणाले, "फुंकलं." मी ती पाटी आणून माझ्या खोलीच्या खिडकीत फेकल्यासारखी ठेवली आणि माझ्या मशीनांकडे वळलो.

पण माझं सोडा. सांगायचं आहे ते मंदाचं.

मंदाच्या घरचा गावाबाहेर भाजीचा मळा. बाजाराच्या दिवशी ती आईबरोबर वांगी, मेथी, मिरच्या घेऊन बसायची आणि उरलेल्या दिवसांत माझ्याकडे टायपिंग शिकायची. भिंतीपलीकडची आरोळी ऐकून ती एका रविवारी कुतूहलानं डोकावली आणि तिथलीच झाली. नखांत माती, पण टाका एकसारखा. आणि एक गोष्ट तिनं पहिल्याच दिवशी केली. सरकीच्या कारखान्यात बाया तुसापासून वाचायला बांधतात, तशी ओढणी नाकातोंडावरून घेऊन मागं गाठ मारली. "आता फुंकाचं म्हनलं तरी होत नाई," ती म्हणाली. सर खूश झाले. ते खूश झाले की भिंतीकडे पाहून मान हलवायचे.

तिची पाटी पहिल्या झटक्यात लागली. सजली. विझली.

ती बटण दाबत राहिली, दाबत राहिली. मग म्हणाली, "सर, एकाआड एक लागले का मंग सप्पा इझतेत. दरखेपेले."

"सोळाव्याचा टाका काढ. फिरून मार."

तिनं काढला, पुन्हा मारला. तेच. पुन्हा काढला. पुढच्या रविवारी पुन्हा. तांब्याची वाट किती उष्णता सोसणार? तिसऱ्या का चौथ्या खेपेला ती पाटीवरून उचकटून वर आली, आणि सोळावा दिवा कायमचा गेला.

"फुंकलं असशीन," सर म्हणाले.

"तोंड बांधून होतं सर माह्यं."

"मंग नाकानं."

मी दारात उभा होतो. मुलं हसली. सर हसले नाहीत, ते गंभीरपणेच म्हणाले होते, आणि तेच वाईट होतं. मंदानं ओढणीची गाठ सोडली, पाटी पेढ्याच्या खोक्यात ठेवली, झाकण लावलं. "म्या नाई फुंकलं," एवढं बोलून ती जिना उतरली. वर्गात पुन्हा आली नाही, आणि माझ्याकडचं टायपिंगही तिनं सोडलं. पुढे कळलं की तिचं लग्न झालं, समुद्रपूरकडे दिली.

मला सरांचा भयंकर राग आला होता. तो त्यांना सांगावा असं दहादा मनात आलं, आणि दर वेळी समोर ते हात यायचे.

वर्ग ओसरत गेला. कोण किती दिवस ऐकून घेणार? पेढ्याची खोकी भिंतीशी रचलेली राहिली. सर रविवारी यायचे, कुलूप काढायचे, बाकांमधून हात मागे धरून फेऱ्या मारायचे. आरोळी थांबली. पहिले दोन रविवार मला बरं वाटलं. माझी मुलं बिनचूक टाइप करत होती. तिसऱ्या रविवारी त्यांतल्या एकीनं विचारलं, "सर आज काऊन चूप हायेत?" आणि मला उगाच तिच्यावर खेकसावंसं वाटलं.

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडे मशीनांची पूजा. तुम्ही कधी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये खंडेनवमी पाहिली आहे का? सातही मशीनं पुसायची, त्यांना हळद-कुंकू, झेंडूचं फूल, पुढे नारळ. बंद मशीनांनाही, कारण पुढच्या वर्षी चालतील अशी आशा. आमच्या हिनं मशीनं संपवली आणि खिडकीतली पाटी पाहिली. तीही यंत्रच. हिनं ओल्या हळदीकुंकवाचं भरघोस बोट तिच्या तांब्याच्या अंगावर ओढलं आणि वर अक्षता चिकटवल्या. मी पाहिलं तेव्हा पूजा होऊन गेली होती. खंडेनवमीला बायकोशी कोण भांडतं? शिवाय पाटी तशीही निकामी होती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सहज बटण दाबलं, तर एक दिवा लागेना आणि त्याच्या शेजारचे भलतंच वागू लागले. उलटी करून पाहिली. कुंकवाखाली तांब्याला हिरवा गंज चढला होता आणि त्या एका दिव्याच्या वाटा खाऊन टाकल्या होत्या. मला कसला वैताग आला म्हणून सांगू! आधीच विझणारी पाटी, आता विझायलाही तयार नाही. मी शेजारून आयर्न आणलं, पाटी खरवडून पुसली आणि तो दिवा वगळून टाकला. तारेचे दोन तुकडे घेतले आणि त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दिव्यांना एकमेकांचे शेजारी केलं. झाली कटकट संपली, म्हणून बटण दाबलं.

पहिला लागला. दोन शेजारी. पांगले, भरले. मी सवयीनं एकाआड एकची वाट पाहू लागलो. ती वेळ आली आणि तशीच पुढे गेली. दिवे चालतच होते. मी खुर्ची ओढून बसलो. चालतच होते. एक बॅच आली, तिचा तास झाला, ती गेली, आणि खिडकीत लाल दिवे आपापल्या शेजाऱ्यांना पाहत पेटत होते, विझत होते.

मी धावत शेजारी गेलो. "सर, चला."

सर खिडकीपाशी उभे राहिले. दिव्यांचे बरेच फेर त्यांनी पाहिले. मग म्हणाले, "फुंकलं नाई ना तू?"

"सर, या पाटीत असा एक टाका नाही ज्यावर मी फुंकलो नाही."

ते खरंच होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग थरथरतं बोट दिव्यांवरून फिरवत मोजलं. पंधरा. पुन्हा मोजलं. माझ्या टेबलावरचा एक फुकट गेलेला कागद ओढून त्यांनी पेन्सिलीनं गोलात ठिपके काढले. रेघा वेड्यावाकड्या येत होत्या. एक ठिपका भरायचे, एक सोडायचे, आणि शेवटी दोन भरलेले शेजारी-शेजारी यायचे.

"पंधरात एकाआड एक बसतच नाई," ते स्वतःशीच म्हणाले. "सोळात बसते."

मला कळायला थोडा वेळ लागला. तुम्हाला कदाचित केव्हाच कळलं असेल. एकाआड एक दिवे लागले, की प्रत्येक विझलेल्याचे दोन्ही शेजारी पेटलेले आणि प्रत्येक पेटलेल्याचे दोन्ही विझलेले. सरांच्याच कायद्यानं सगळ्यांनी विझायचं. दिव्यांनी कायदा तंतोतंत पाळला होता. कुणाचाच टाका कोरडा नव्हता. जो माणूस विद्यार्थ्यांची गणितं दोनदा तपासायचा, त्यानं हे एक कधी तपासलंच नव्हतं, कारण चूक दुसऱ्याच्या फुंकरीत आहे अशी त्याची खात्री होती.

मला वाटलं होतं, सर आनंदानं नाचतील. त्यांना हवं होतं तेच तर समोर घडत होतं. पण त्यांनी पाटीकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्या विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले.

"त्या पोट्टीचं तोंड बांधलेलं होतं गा," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, "समुद्रपूरची गाडी कवा हाय?"

पण आधी जवळच्या मुलांकडे जाणं झालं. देवळीतल्या देवळीत सर घरोघरी गेले आणि दारात उभं राहूनच "तू फुंकलं नव्हतं, माह्यीच चूक होती" असं सांगून परत फिरले. काहींना तर आठवेचना कशाबद्दल ते. एकानं दिवे काढून गणपतीच्या डोळ्यांत बसवले होते. एकजण तळेगावला नोकरीला लागला होता. सर तिकडेही गाडी बदलून जाऊन आले, आणि त्यानं त्यांना पाणी पाजून हसत हसत परत पाठवलं. परत येऊन सर मला म्हणाले, "हासला तो. बरं झालं." मंदाकडे जाताना मात्र ते म्हणाले, "तू चाल संगं." पिशवीत त्यांनी आयर्न, कथील आणि राळेची डबी घेतली होती.

सर त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. त्यांचं आजारपण मी पाहिलं, शेवटी पेलाही दुसऱ्यानं ओठाला लावावा लागायचा. पण सरांची आठवण आली की मला ते अंथरुणात दिसत नाहीत. समुद्रपूरच्या पुढच्या त्या मळ्यातल्या छपरीत दिसतात.

मंदा मिरच्या निवडत बसली होती. आम्हाला पाहून उठली, डोक्यावरून पदर घेतला, पाणी आणलं. तिची सासू खाटेवर बसली होती. सरांनी पाण्याला हात लावला नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, "मंदे, तू फुंकलं नव्हतं."

"काय फुंकलं नाई इनं?" सासूनं विचारलं.

मंदाचा चेहरा असा झाला, की आता ही रडते की भांडते ते कळेना. "म्या तवाच सांगतलं होतं तुमाले," ती म्हणाली. आवाज चढला होता. "सप्पायच्या समोर सांगतलं होतं. तुमी म्हने, नाकानं."

"हो," सर म्हणाले. "म्हनलो."

ते तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता उठावं आणि त्यांना घेऊन निघावं. तेवढ्यात मंदा आत गेली. बी-बियाण्याच्या डब्यांमागून काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला आणि ती पेढ्याचं खोकं घेऊन बाहेर आली. झाकणावर धूळ होती. "फेकाले मन नाई झालं," ती सासूकडे पाहत म्हणाली, जणू सफाई तिलाच द्यायची होती.

मग मी सांगितलं काय करायचं ते. सोळावा वगळायचा. दोन तारा. मंदानं ऐकलं, पाटी उलटी केली, उचकटलेल्या तांब्यावरून बोट फिरवलं आणि सरांच्या पिशवीतलं आयर्न तापवून एका दमात पहिली तार लावून टाकली. तिचा हात विसरला नव्हता. दुसरी तार जागेवर धरून तिनं आयर्न सरांपुढे केलं.

"हा तुमी मारा."

"माह्या हातानं नाई होत, मंदे." सरांनी हे पहिल्यांदाच कुणा विद्यार्थ्याला सांगितलं.

तिनं त्या हातांकडे पाहिलं. किती तरी रविवार पाठीमागे धरलेले ते हात तिला आत्ता समोर दिसत होते. "मनगट माह्या हातात द्या," ती म्हणाली.

सर मिरच्यांच्या ढिगाशेजारी खाली बसले. तिनं त्यांचं मनगट घट्ट धरलं, आयर्नचं टोक तारेवर टेकवलं. राळेचा धूर वर आला. कथलाचा थेंब वितळला, पसरला, चकाकला. आयर्न उचललं गेलं. आणि सरांनी मान पुढे केली, ओठांचा चंबू केला.

"सर, फुंकू नका!"

सर जागच्या जागी थांबले. गाल फुगलेले, डोळे थेंबावर. सासू हसायला लागली. मंदाही हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. थेंब थिजला. तिनं पाटी सुलटी केली, सेल बसवले, बटण दाबलं. पहिला दिवा लागला, मग त्याचे दोन शेजारी, मग पुढचे, आणि मग ते थांबलेच नाहीत. मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या चष्म्याच्या काचांवर लाल ठिपके फिरत होते, आणि तोंडात घेतलेली ती फुंकर त्यांनी अजून सोडली नव्हती.